गटारीला शेवटची घेऊन दुसऱ्या दिवशी बंद करू नका

प्रश्न: माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत. पंधरा वर्षांपासून पितात. आधी रात्री एक क्वार्टर असायची, आता दिवसाला दोन होतात. सकाळी चहाच्या आधी थोडी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांनी बंद केली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायला लागले, वारलेल्या सासऱ्यांशी बोलायला लागले. घरच्यांनी देवऋषी आणला. दोन-तीन दिवसांनी शांत झाले, पण आठवड्याभरात पुन्हा सुरू झाली. यंदा स्वतःच म्हणतात, गटारीला शेवटची, मग कायमची बंद. श्रावणाला अठरा दिवस आहेत. सासूबाई म्हणतात, मनाचा निग्रह असला की घरीच सुटते. खरं आहे का? आणि मोबाइलवर जेवणात मिसळायची पावडर मिळते, ती देऊ का?

उत्तर:

ताई, पावडर अजिबात देऊ नका. आणि घरी, एकदम, औषधाशिवाय दारू बंद करू देऊ नका. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. सोडायचं त्यांनी ठरवलंय ही फार मोलाची गोष्ट आहे. बावीस वर्षं हे काम करतोय, त्यातली निम्मी मेहनत माणसाला या वळणावर आणण्यातच जाते. ते आपणहून आलेत. म्हणूनच पहिला आठवडा नीट पार पडायला हवा.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरी जे झालं, ती बाहेरची बाधा नव्हती. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं ‘डीटी’ म्हणतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की मेंदूचा जो उद्रेक होतो, त्याचं हे सगळ्यात गंभीर रूप. तिसरी रात्र, मुंग्या, मेलेली माणसं दिसणं, हे सगळं अगदी पुस्तकात असतं तसंच आहे. तुमचे मिस्टर त्यातून वाचले. औषधाशिवाय डीटी झालेल्या शंभरातले पंधरा किंवा त्याहून जास्त दगावू शकतात. वेळेवर उपचार मिळाले तर हाच आकडा पाचाच्या खाली येतो.

हे का होतं ते सासूबाईंनाही समजावून सांगा. दारू मेंदूला गुंगवते, मंद करते. रोज दारू येत राहिली की मेंदू जागं राहण्यासाठी उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. रस्सीखेच डोळ्यासमोर आणा. एका बाजूला दारू ओढतेय, दुसऱ्या बाजूला मेंदू सगळी ताकद लावून ओढतोय, त्यामुळे माणूस वरवर सरळ चालतो, कामाला जातो. एका बाजूनं दोर एकदम सोडला की दुसरी बाजू धाडकन आपटते. थरथर, घाम, छातीत धडधड, रात्रभर टक्क जाग, फिट, भास हे सगळं त्या आपटण्याचं आहे. यात निग्रहाचा काही संबंध नाही. उलट ज्याचा निग्रह पक्का, तो त्रास होऊनही घोट घेत नाही आणि डीटीपर्यंत जातो. तुमच्या मिस्टरांनी त्या वर्षी तेच केलं होतं.

त्यांच्या हिशेबानं सांगतो. एका क्वार्टरमध्ये १८० मिली दारू असते. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. दोनात १२०. गटारीच्या रात्री अकराला शेवटचा ग्लास खाली ठेवला असं धरा. पहाटे पाच-सहापासून हात कापायला लागतील, मळमळेल, घाम फुटेल, चिडचिड होईल. श्रावणाचा पहिला दिवस असाच जाईल आणि घरचे म्हणतील, होतंय थोडं, सहन कर. पहिल्या रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत फिट येण्याचा धोका सगळ्यात जास्त. काहींना याच वेळात माणूस शुद्धीत असतानाच आवाज ऐकू येतात, सावल्या दिसतात. आणि ४८ ते ९६ तासांच्या मध्ये, म्हणजे दुसऱ्या रात्रीपासून चौथ्या रात्रीपर्यंत, डीटी. दरवर्षी श्रावण लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्याकडे असे पेशंट येतात. लॉकडाऊन लागला तेव्हा, २०२० च्या मार्चअखेरीस, दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि तेच चित्र दिसलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळेना म्हणून लोक सॅनिटायझर प्याले आणि जीव गमावून बसले. तुटलेल्या दारूचा त्रास माणसाला कुठवर नेतो, ते यावरून ओळखा.

डीटी काय असतं ते एकदा जवळून बघितलं की कुणी त्याला नाटक म्हणणार नाही. खूप वर्षांपूर्वी रात्री दोनला मला हाडांच्या वॉर्डात बोलावलं होतं. ऊसतोड कामगार, पायाचं हाड मोडलेलं, भरती होऊन तिसरा दिवस. पलंगावर बसून ते चादरीच्या मोळ्या बांधत होते. भराभर, सराईत हातानं. कोयता कुठंय म्हणून बायकोवर ओरडत होते. अंगात ताप, नाडी १३० च्या वर, सगळं अंग घामानं निथळलेलं. मी दोन्ही हातांच्या चिमटीत काहीच नसताना दोरी धरल्यासारखं केलं आणि म्हटलं, “ही घ्या दोरी.” त्यांनी ती घेतली, मोळीभोवती फिरवली, गाठ मारायला गेले आणि म्हणाले, “आखूड पडतीय, दुसरी द्या.” माणसाचे हात त्याचं रोजचं काम करत असतात आणि तो कुठे आहे, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. सहा दिवसांनी शुद्धीवर आले तेव्हा त्यातलं काही आठवत नव्हतं. भरती करताना बायकोनं दारूचं सांगितलं नव्हतं. लाज वाटली, आणि कुणी विचारलंही नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, ऑपरेशन असो, डेंग्यू असो, अपघात असो, घरातला रोज पिणारा माणूस भरती झाला की किती पितो आणि शेवटची केव्हा घेतली, हे डॉक्टरांना पहिल्या तासात सांगा.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. हा त्रास दर खेपेला वाढत जातो. श्रावणात सोडायची, गणपती झाले की धरायची, पुन्हा मार्गशीर्षात सोडायची, असं करणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी नुसती थरथर होते, चौथ्या वर्षी फिट येऊ शकते. ‘मागच्या वेळी निभावलं’ याचा भरवसा धरता येत नाही. मागच्या वेळी डीटी झालं असेल तर पुढच्या वेळी ते व्हायची शक्यता जास्तच.

त्यामुळे तुमच्या मिस्टरांना भरती करूनच दारू सोडवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी डीटी झालेलं आहे आणि सकाळी उठल्या उठल्या लागते. एवढी दोन कारणं पुरेत. तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे हे उपचार होतात आणि खर्च अगदी कमी येतो. कुठं जायचं समजत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मराठीत बोलतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. खासगी केंद्र बघणार असाल तर आधी स्वतः जाऊन या. रात्री नर्स असते का, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात, घरच्यांना भेटू देतात का, सरकारी नोंदणी आहे का, हे समोरासमोर विचारा. ‘तीन महिने तोंड बघायचं नाही, आम्ही सरळ करतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून परत फिरा. मारहाण करून, साखळीनं बांधून दारू सोडवणाऱ्या जागा आहेत. तिथून आलेली माणसं मी तपासलीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला पूर्ण बंदी आहे. आणि तुमचे मिस्टर तर स्वतःच्या पायानं जायला तयार आहेत.

तिथं काय करतात ते थोडं सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. रक्त तपासतात, साखर, लिव्हर, क्षार बघतात. पडल्याचा इतिहास असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन करतात, कारण पिऊन पडलेल्या माणसाच्या मेंदूत रक्त साकळलेलं असू शकतं आणि ते वरून विथड्रॉवलसारखंच, म्हणजे दारू तुटल्यावरच्या त्रासासारखंच दिसतं. मग क्लोरडायझेपॉक्साइड नावाची गोळी सुरू करतात. लिव्हर बिघडलेलं असेल तर तिच्याऐवजी लोराझेपाम देतात. ही औषधं दारूच्या जागी उभी राहून तो दोर धरून ठेवतात आणि मग पाच ते दहा दिवसांत हळूहळू सोडतात. डोस थरथर, घाम, नाडी, भान बघून ठरतो. शेजारच्या कुणाला लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्या आणू नका. त्यावर दारू पडली तर श्वास मंदावतो. आणि कोर्स संपल्यावर चालूच ठेवल्या तर त्यांचीच सवय लागते.

दुसरं औषध स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते बहुतेकदा फारसं उरलेलं नसतं. आपल्याकडे माणूस गळाल्यासारखा दिसला की पहिली मागणी सलाईनची. गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं बी-१ ते जाळण्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना झोक जातो, एकाचे दोन दिसतात, डोळे एका जागी ठरत नाहीत, माणूस गोंधळतो. यावर लगेच इलाज झाला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. पंचेचाळिशीतला माणूस, सकाळी मुलगी भेटून गेली हे दुपारी सांगू शकत नाही, असे पेशंट मी बघितलेत. म्हणून तुम्ही तोंडानं सांगा, “डॉक्टर, रोज पितात, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या.” रागावतील म्हणून घाबरू नका.

भरतीची तारीख मिळेपर्यंत चार-पाच दिवस जातील. त्या दिवसांत रोजची दारू एकदम तोडू नका. बायकोनं हे ऐकणं किती जड आहे मला ठाऊक आहे, पण भरती होईपर्यंत आहे तेवढी चालू राहू द्या, वाढू मात्र देऊ नका. ज्याला डीटी होऊन गेलंय त्यानं घरी स्वतःच्या मनानं कमी करत आणण्याचाही प्रयोग करू नये. दोन वेळा जेवण जाईल असं बघा. गाडी त्यांच्या हाती देऊ नका. आणि मधेच दारू तुटली, थरथर वाढून गोंधळायला लागले, ताप आला, तर तारखेची वाट न बघता निघा. १०८ ला फोन करा.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. दारू तुटल्यावर आलेली फिट एकदाच येऊन थांबली तरी हॉस्पिटल लागतंच.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एवढंच, की प्रत्येकाला भरती लागत नाही. आधी फिट किंवा डीटी झालेलं नाही, सकाळची लागत नाही, लिव्हर, हृदय, साखरेचा मोठा आजार नाही, वय फार नाही, मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार नाहीत, घरात एक न पिणारं जाणतं माणूस चोवीस तास आहे आणि हॉस्पिटल अर्ध्या तासावर आहे, अशांना डॉक्टर गोळ्या लिहून घरी ठेवतात आणि पहिले चार-पाच दिवस रोज बघतात. गोळ्या घरच्यांनी आपल्या हातानं द्यायच्या. ताक, पेज, मुगाची खिचडी, ओआरएस चालतं. रात्री खोलीत दिवा चालू ठेवा, अंधारात भास वाढतात. कुणी ‘मुंग्या आहेत’ म्हणालं तर वाद घालू नका आणि हो ला होही मिळवू नका. “मला दिसत नाहीत, पण मी इथंच आहे, आज मंगळवार आहे, आपण घरी आहोत” असं सावकाश सांगा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. कारण भास सुरू झाले की घरचा उपचार तिथेच संपला. शेतकऱ्याच्या घरात कोयता, विळा आणि फवारणीचं औषध दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. सोडल्यानंतरच्या दिवसांत मन फार खचतं, हे मी बघितलेलं आहे.

आता पावडर. ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतल्या पुडीत काय आहे हे तुम्हाला कळायला काही मार्ग नसतो. काहीत डायसल्फिराम असू शकतं. हे खरं औषध आहे, आम्हीही देतो, पण माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून, आणि दारू शरीरातून पूर्ण गेल्यावर. ते घेतलेल्यानं दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस जाऊही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही की आपल्या आमटीत काय आहे, तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच ना? शिवाय पुढे कधी कळलं की बायकोनं जेवणात कालवलं, तर तुमच्या हातचं पाणीही ते विश्वासानं घेणार नाहीत.

दहा दिवसांनी घरी आले की थरथर गेलेली असेल, भूक लागलेली असेल, चेहऱ्यावर तेज दिसेल. नातेवाईक म्हणतील, सुटली! तिथं सावध राहा. शरीरातली दारू गेली, ओढ अजून जागी असते. झोप कित्येक आठवडे नीट लागत नाही. चिडतील, काहीच गोड लागणार नाही. ती तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ अंघोळ, पोटभर जेवण, बाहेर एक चक्कर, कुणाला तरी फोन, काहीही चालतं. ओढ कमी करणारी औषधं आहेत. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, लिव्हर बिघडलेलं असेल तर बॅक्लोफेन. आपल्याकडे ती फार कमी लोकांपर्यंत पोचतात, कारण सात दिवसांनी लोक दवाखान्याकडे पाठ फिरवतात. डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या आणि निदान सहा महिने ते वर्षभर तपासणी सोडू नका. जवळ अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाची मीटिंग होत असेल तर जायला सांगा. आपल्यासारख्याच माणसाच्या तोंडून ‘मलाही सकाळी लागायची’ हे ऐकण्याचा जो परिणाम होतो, तो माझ्या चिठ्ठीनं होत नाही.

तुमच्याबद्दलही बोलतो. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, मित्रांना शिव्या देणं हे काम तुमचं नाही, आणि त्यानं कुणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही. पगार किंवा उसाचं बिल पहिले काही महिने तुमच्या खात्यात यावं, हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच संमतीनं ठरवा. जुनी उधारी, जुने टोमणे पहिल्या महिन्यात काढू नका. पुन्हा एखाद्या दिवशी घेतली तर ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पण त्यांनी हात उचलला तर ते सहन करणं उपचाराचा भाग नाही. त्या रात्री माहेरी जा, शेजारी जा, मुलांना घेऊन जा.

श्रावण मोडू नका, फक्त तारीख पुढे आणा. आज अठरा दिवस आहेत. या आठवड्यात सिव्हिलला जाऊन भेट घ्या. सोबत एका कागदावर लिहून न्या, रोज किती, सकाळची केव्हापासून, शेवटची कधी, मागचे भास कोणत्या दिवशी, आधी फिट आली का, कुठे पडले का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. चार-पाच दिवसांत भरती झाले तर गटारीपर्यंत त्यांचे बारा-तेरा दिवस कोरडे गेलेले असतील. ती संध्याकाळ अवघड आहे. मित्र दारात येतील, मटणाचा बेत असेल, ‘एकच घे’ म्हणतील. आधीच ठरवून टाका, त्या दिवशी भाऊ किंवा मेहुणा, जो पीत नाही असा कुणीतरी, दुपारपासून त्यांच्यासोबत राहील आणि फोन त्याच्याकडे असेल. आपल्याकडे तीच दिव्यांची अमावस्या. समया, निरांजनं घासायला त्यांनाच बसवा, तोवर हात थांबलेले असतील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फेरतपासणीची वेळ डिस्चार्ज घेतानाच मागून ठेवा.